कादर रंगारीच्या बारा गंज्या

"काढ! काढ ती गंजी! आत्तेच्या आत्ते काढ!"

शहाद्याच्या एसटी स्टँडवर, वैशाखातल्या भर दुपारी, सगळ्या उतारूंच्या देखत एक काटकुळा माणूस माझ्या अंगावर ओरडत होता. माझ्या सदऱ्याची बटणं उकाड्यानं उघडी टाकलेली, आत धुळ्याहून आणलेली नवी गंजी, काखेत वळकटी. प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागून मला जेमतेम महिना झाला होता. सरकारी नोकराला भर चौकात कपडे उतरवण्याचा हुकूम कुणी सोडील, अशी माझी कल्पना नव्हती.

"अहो, पण झालं काय?"

"काय व्हयनं? माले इचारस, काय व्हयनं? आपली छाती देख!"

मी छाती पाहिली. तिच्यावर धावणारा एक खेळाडू रंगवलेला होता. मला तो बरा वाटला होता, म्हणून तर घेतला.

"जेवना हात पुढे, अन् जेवनाच पाय पुढे! असा माणूस दोन पावलं पळना त तोंडवर पडी! अन् तू हाई घालीसन बायाबापड्यांसमोर हुभा? मन्हं पोट ढवळी ऱ्हायनं. पावशेर नही, दीड शेर ओकारी शे हाई, दीड शेर!"

एवढं बोलून त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला स्टँडसमोरच्या एका दुकानात ओढत नेलं. माझी गाडी सुटली. पुढची गाडीही सुटली. मी अडीच तास उघडाबंब एका बाकड्यावर बसून होतो आणि तेवढ्या वेळात निम्म्या शहाद्यानं माझ्या बरगड्या मोजून घेतल्या. आमचे हेडमास्तरसुद्धा येऊन, "काय, शहाद्यात नवे ना आपण?" असं विचारून गेले. गंजी परत मिळाली तेव्हा खेळाडूचा उजव्याऐवजी डावा पाय पुढे आलेला होता. त्या वर्षी तालुक्याच्या शिक्षकांच्या शर्यतीत मी पहिला आलो. त्याआधी मी उधळलेल्या बैलापुढेसुद्धा कधी धड पळालो नव्हतो. लोक म्हणतात योगायोग. म्हणोत.

ते कादरभाई. कादर रंगारी. घराणं पिढीजात कापड रंगवणाऱ्यांचं, पण यांना लहानपणापासून रंगाच्या कढईच्या वासानं उलट्या व्हायच्या. म्हणून कढई भावाला देऊन हे कुंचल्याकडे वळले आणि त्या काळात तळोद्यापासून दोंडाईच्यापर्यंत जेवढ्या तालमी आणि हुतुतूचे संघ होते, त्या सगळ्यांच्या गंज्यांवर चित्रं काढू लागले. कुणाला मांडी ठोकणारा पैलवान हवा, कुणाला मल्लखांब, कुणाला चेंडू. ते कुणाचे नोकर नव्हते. ज्याला चित्र हवं त्यानं दुकानाची पायरी चढायची, आधी शिव्या खायच्या आणि मग गंजी टाकून जायची. शिव्या चुकल्या तर गिऱ्हाइकालाच चुकल्यासारखं वाटे.

मी आयुष्यात पुष्कळ नाकं मुरडणारे पाहिले, पण कादरभाईंनी किळस वजनावर आणली होती. कुणाच्या दाढीचा कट वाकडा, ती छटाकभर ओकारी. वांग्याची भाजी पावशेर, कारण हमीदाभाबी ती चांगली जांभळी वांगी शिजवून तपकिरी करतात, आणि एका सुंदर रंगाचा असा खून पाहून माणसानं जेवावं कसं? पानाची पिंक अर्धा शेर. देशात किलो आला तरी कादरभाईंची ओकारी शेरातच राहिली. स्वतः मात्र कधी थुंकले नाहीत. थुंकणं हीच मुळी त्यांच्या लेखी सव्वा शेराची गोष्ट होती. सदा तोंडावर रुमाल, कानात अत्तराचा फाया. घाणेरडं काही समोर आलं की तो फाया कानातून नाकात जाई. सणासुदीला बाजारात निघाले तर फाया दोन्ही नाकपुड्यांत, आणि बोलणं सर्दी झाल्यासारखं.

असा माणूस गंज्या रंगवतो, म्हणजे काय करतो? तर आपली चित्रं घामात घालतो. पांढरंशुभ्र सूत घ्यायचं, पाटावर ताणायचं, खळ लावायची, कोळशानं आखायचं, पातळ तेलरंगात आठ-आठ दिवस खपायचं आणि मग ते एखाद्या रेड्याच्या अंगात घालायला द्यायचं. एकदा तळोद्याच्या एका पैलवानानं भर आखाड्यात, कादरभाईंच्या डोळ्यांदेखत, गंजीचं टोक उचलून नाक शिंकरलं. नेमकं त्या चित्रातल्या पैलवानाच्या तोंडात. कादरभाई जागच्या जागी बसले. दोन माणसांनी धरून त्यांना एसटीत घातलं. तीन दिवस अन्नाचा कण पोटात गेला नाही. मी समाचाराला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"किती झाली हो भाई?" मी विचारलं.

"मोजू नको मास्तर," ते म्हणाले. "गाडीभर शे."

त्यांच्या कामाची एक तऱ्हा सांगतो, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यातून झाला. गंजी पाटावर सपाट असते आणि माणूस सपाट नसतो. बाकीचे पेंटर पाटावर छान चित्र काढत आणि ते पोटावर चढलं की पैलवानाचा भोपळा होई. कादरभाई आधी गडी बोलवून घेत, त्याला श्वास भरून उभा करत आणि दोऱ्यानं त्याचं पोट मापत. मग जिथे कापड जास्त ताणणार तिथे चित्र चिंचोळं काढत. हातात घेतलेली त्यांची गंजी पाहिलीत तर वाटे, हे काय, माणूस आहे की वाळलेली शेंग! तीच अंगात घाला, श्वास भरा, की छातीवर जिवंत माणूस उठून उभा राही. भिका पैलवान म्हणून एक गडी होता. त्याचं पोट असं, की तो घरातून निघाला की पोट आधी वेशीशी पोचायचं आणि भिका मागून यायचा. त्याच्या गंजीवरचं चित्र नुसती काडी दिसे. पण भिकाच्या अंगावर त्याच काडीचा असा बलदंड गडी व्हायचा की भिकालाच त्याचा हेवा वाटे.

आणि या माणसाला मनातून हवी होती एक भिंत.

हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, रुमाल तोंडावरून काढून, म्हणून लक्षात राहिलं. "मास्तर, भितडाले घाम येत नही. भितडं नाक पुसत नही. भितडाले पोट नही." चाळीस हात लांब भिंत मिळाली तर तिच्यावर हुतुतूची एक अख्खी चढाई काढायची. नऊ गडी, प्रत्येकाचा पाय खरा, प्रत्येकाचा श्वास खरा. त्याची आखणी एका जुन्या चादरीवर करून ठेवलेली होती. चादर मी पाहिली. त्यातला एक गडी मला इतका ओळखीचा वाटला की मी चादरीला नमस्कार करून बसलो.

दोनेक वर्षांनी माझी बदली सारंगखेड्याजवळच्या, तापीकाठच्या एका गावात झाली आणि तिथे ही भिंत निघाली. गाव गुजर मंडळींचं. कापूस, केळी, ऊस, आणि सगळ्या गावावर नरोत्तम बापू. बापूंच्या मिशा अशा की एका टोकाला सकाळ व्हायची तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून झुंजूमुंजू असे. त्यांना तीन नाद. हुतुतू, घोडे आणि स्वतः. संघात एक गडी कमी पडत होता, तर बापूंनी मला घेतलं. "मास्तर लोकेस्ले दम न सोडता बोलानी सवय ऱ्हास," हे त्यांचं कारण. आणि रस्त्याच्या कडेला बापू नवी तालीम बांधत होते, तिची रस्त्याकडची भिंत भरली पंचेचाळीस हात.

मीच कादरभाईंना गावात आणलं. बापू ओसरीवर बसले होते.

"कादर, दत्तजयंतीनी जत्रामा आपला संघ उतरी ऱ्हायना. बारा गंज्या पाहिजेत. त्या चांगल्या व्हयन्यात त तालीमनी भिंत तुन्ही. कोनीच हात लावाव नही."

कादरभाई लगबगीनं पुढे झाले. "काय काढू बापू?"

"मन्हं तोंड. बाराच्या बारा गंज्यांवर. मिशासगट."

कादरभाईंचा फाया कानातून नाकात गेला. पण समोर पंचेचाळीस हात होते. ते फार गोड आवाजात म्हणाले, "काढस बापू. पन गडी पळतीन, घाम फुटी. तुम्हनं तोंड वलंचिंब व्हई. मंग कोनी त्यामा नाक शिंकरी, कोनी त्यानी काख पुशी. चालस का तुम्हले?"

बापूंनी मिशीचं एक टोक चावलं. दुसरं लांब होतं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मन्हा पाखऱ्या काढ."

पाखऱ्या हा बापूंचा घोडा. पांढराशुभ्र, उंच, चालला की जमिनीला गुदगुल्या होतात असं वाटावं. सारंगखेड्याच्या त्या जत्रेत घोड्यांचा बाजार भरे आणि बापूंना तो तिथे विकायचा होता. गुजरातकडचा एक बडा जमीनदार यायचा होता, त्याच्याशी बोलणं झालेलं. आता बारा गडी छातीवर पाखऱ्या घेऊन मैदानात नाचले तर याहून मोठी जाहिरात कोणती?

कादरभाईंना घोडा म्हणजे चार पायांवर उभी असलेली अडीच शेर ओकारी. माशा, लाळ, लीद. पण चित्र काढायचं तर ते ऐकीव काढायचे नाहीत. "गोंडा लायेल नवरदेव मी काढत नही," म्हणाले, "माले जनावर वलं पाहिजे. पानी मारा बिगर केस कोठे जास ते समजत नही." म्हणून एका सकाळी आम्ही तापीवर गेलो. पाखऱ्याच्या तोंडावर सदा एक रंगीत म्होरकी असे, दोन्ही गालांवर मूठ-मूठभर लोकरी गोंडे. घोडा सांभाळणारा मोतद्दार ती काढायला तयार होईना. चावतो म्हणाला. कादरभाई म्हणाले, मग मी निघालो. शेवटी मोतद्दारानं इकडेतिकडे पाहून म्होरकी उतरवली आणि घोडा पाण्यात घातला. गालावरचा डिंक धुऊन निघाला. घोड्याच्या गालावर डिंक कशाला, हा प्रश्न मला पडला आणि लगेच सुटलाही.

डाव्या डोळ्याच्या खाली केसांचा भोवरा होता.

आमच्या भागातलं दूधपितं पोर सांगेल, की डोळ्यातून आसू जिथून ओघळतो तिथे भोवरा असला तर तो घोडा आसूढाळ. ज्याच्या दारी बांधला त्याच्या घरी रडारड. रंग कसाही असो, चाल कशीही असो, आसूढाळ घोड्याला सारंगखेड्यात कोणी गिऱ्हाईक मिळत नाही. मोतद्दारानं माझ्याकडे पाहून हात जोडले. मी त्याच्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. दूधपित्या पोराला ठाऊक असलेली ही गोष्ट कादरभाईंना ठाऊक नव्हती. त्यांचा सगळा जन्म सुतात गेलेला. ते नाकात फाया कोंबून, एका दगडावर रुमाल अंथरून त्यावर बसले होते आणि वहीत पाखऱ्याच्या अंगावरचा एक-एक केस जिकडे जात होता तिकडे नेत होते. मला वाटलं, गंजीवर एवढं कुठलं येतंय! ही माझी अक्कल. मी मुलांना शिकवत होतो.

बारा गंज्या आल्या. बापूंनी त्या हातात घेऊन पाहिल्या. हातात घोडा म्हणजे उपाशी बकरी. "हाऊ घोडा शे का?" ते गुरकले. कादरभाई म्हणाले, "घाली देखा." आमच्या संघात खेळणाऱ्या त्या भिका पैलवानानं एक घातली आणि लांब श्वास घेतला, तर पाखऱ्या अंगणात येऊन उभा राहिला असा की गोठ्यातला खरा पाखऱ्या खिंकाळला. बापू लांब ओसरीवर होते. त्यांना मान दिसली, आयाळ दिसली, उचललेला खूर दिसला. डोळ्याखाली एक वळलेली रेघ होती, ती एवढ्या लांबून कुणाला दिसणार? "भिंत तुन्ही," बापू म्हणाले. कादरभाईंनी त्याच दिवशी जाऊन तालमीची भिंत हातानं चाचपून पाहिली. कुठे पोपडा, कुठे ओल, सगळं. गवंड्याला शिव्या दिल्या. मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. अर्धा शेरसुद्धा ओकारी आली नाही त्या दिवशी.

जत्रेत आमचा सामना लागला तेव्हा मैदानाभोवती इतकी माणसं होती की तापी त्यांना वळसा घालून वाहत होती. पहिल्या रांगेत गादीवर गुजरातकडचे जमीनदार. त्यांच्या शेजारी त्यांनी आणलेला घोड्यांचा पारखी, मारवाडकडचा एक म्हातारा. पापण्यासुद्धा पिकलेल्या. पाखऱ्या पलीकडे राहुटीपाशी, गोंडे घालून.

भिका चढाईला गेला. "हुतुतुतुतुतू" करत त्यानं दम धरला, पोट फुगलं आणि पोटावरचा पाखऱ्या वाढू लागला. तो वाढला, तसा डोळा वाढला. डोळ्याखालची रेघ उलगडली, गोल झाली आणि नव्या पैशाएवढा एक लख्ख भोवरा त्या पोटावर उमलला. म्हातारा गादीवरून उठला. तडक मैदानात आला. भिका डावीकडे, म्हातारा डावीकडे. भिका उजवीकडे, म्हातारा उजवीकडे, बोट भिकाच्या पोटावर टेकलेलं. "ठहरो भाई, ठहरो." भिका थांबणार कसा? दम सोडला तर बाद. "हुतुतुतुतू" म्हणतच तो डोळ्यांनी विचारत होता, हा कोण आणि माझ्या पोटात याचं काय अडकलंय? पंच शिट्टी फुंकून फुंकून निळे झाले.

मग म्हाताऱ्यानं आम्हा मैदानातल्या नऊ जणांना ओळीत उभं केलं आणि एकेकाला श्वास भरायला लावला. माझ्या छातीवर तो वाकला तेव्हा त्याच्या दाढीला हिंगाचा वास येत होता. एकाच घोड्याला भोवरा असता तर रंग सांडला म्हणता आलं असतं. नऊच्या नऊ घोड्यांना, त्याच जागी. तो वळून जमीनदारांना एवढंच म्हणाला, "आँसूढाल."

बापू धावत आले. रंगाऱ्याचा हात चुकला म्हणाले. मग म्होरकी उतरवा, म्हाताऱ्यानं सांगितलं. चावतो, बापू म्हणाले. जमीनदार शांत माणूस. त्यांनी तोड काढली. रंगाऱ्याला उद्या सकाळी माझ्यासमोर आणा, गंज्या घेऊन. हात चुकला असं त्यानं म्हटलं आणि भोवरा पुसून दाखवला, तर मी घोडा आहे तसा नेतो. त्यांना घोडा मनापासून आवडला होता.

राहुटीत बापूंनी कादरभाईंना उभं केलं. मी आणि भिका कनातीपाशी.

"कोनी सांगं तुले? कोन्हा माणूस शे तू? कोनी फितवं?"

"कोनी नही बापू."

"मंग भोवरा कसाले काढा?"

"केस तठे फिरी जायेल व्हतात."

बापूंनी खुंटीवरचा चाबूक काढला, पाहिला, परत अडकवला. मग आवाज खाली आणला, आणि तो आवाज मला चाबकापेक्षा वाईट वाटला. "देख कादर. सकाळले एकच बोलानं. हात चुकना. बाराच्या बारा गंज्यांवर कुची फिरावानी. पंचेचाळीस हात भिंत शे भो. चुना बी लावा. नही त..." पुढचं त्यांनी मिशीत गिळलं.

कादरभाईंनी गंज्या गोळा केल्या. नऊ गंज्या आमच्या घामानं चिंब होत्या. माझी मीच काढून दिली. ती त्यांनी चिमटीत धरून, मान वळवून घेतली.

मी त्यांना जत्रेच्या कडेपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत मी जे बोललो ते लिहिताना आजही माझ्याच अंगाचा मला वास येतो. मी म्हणालो, "भाई, एक फटकारा. बारा गंज्या, बारा फटकारे. कोण बघतंय? गंज्या तशाही तीन धुण्यांत जाणार. भिंत राहील." शाळेत रोज सकाळी 'नेहमी खरे बोलावे' असं फळ्यावर लिहिणारा मी. कादरभाई गंज्यांचं गाठोडं अंगापासून लांब धरून चालत राहिले. फाया नाकात होता. तो जत्रेच्या वासासाठी होता की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही.

सकाळी जमीनदारांच्या तंबूसमोर सतरंजी अंथरली होती. कादरभाई आले. गंज्या रात्रीत धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या. त्यांनी एकेक घडी उलगडून सतरंजीवर मांडली. बारा उपाशी बकऱ्या. भिका पुढे झाला, एक अंगात घातली आणि भीत भीत श्वास घेतला. गावाचा श्वास त्याच्याबरोबर आत गेला.

भोवरा होता. जिथल्या तिथे.

पारखी कादरभाईंच्या जवळ गेला आणि त्यांचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. जमीनदार उठून आत गेले. बापू त्यानंतर जे बोलले ते छापण्याजोगं नाही. त्यातलं शेवटचं वाक्य एवढंच होतं, की या रंगाऱ्याची सावली माझ्या भिंतीवर पडली तरी ती भिंत मी पाडीन.

पाखऱ्या विकला गेला नाही. तो बापूंच्या दारी आणखी बारा वर्षं जगला आणि त्याच्यावर बसून बापू सरपंच झाले, दोनदा. घरात कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. रडायची वेळ भिंतीवर आली. बापूंनी बाहेरगावाहून एक पेंटर आणला. त्यानं पंचेचाळीस हातांत मधोमध बापूंचं तोंड काढलं आणि दोन्हीकडे मिशा नेऊन भिंतीच्या टोकांना बांधल्या. मिशांवर, तारेवर चिमण्या बसाव्यात तसे खेळाडू बसवले. त्यांना मान नव्हती, ढोपरं नव्हती आणि ओठ सगळ्यांचे बायकांसारखे लाल. पहिल्या पावसात तो लाल ओघळला. माझी शाळा त्या भिंतीसमोर होती. अकरा वर्षं मी रोज सकाळी ते पाहत 'नेहमी खरे बोलावे' शिकवलं. वजन सांगत नाही. माझ्याकडे तेवढी वजनं नाहीत.

कादरभाईंची गोष्ट मात्र मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला सांगितली. सत्यासाठी पंचेचाळीस हातांचं राज्य लाथाडणारा रंगारी. पहिल्या वर्षी गोष्टीत चाबूक होता. पाचव्या वर्षी बापूंनी तलवार उपसली. आठव्या वर्षी कादरभाई मानेवर पातं असताना म्हणाले, "प्राण घ्या, पण माझा भोवरा खोटा म्हणणार नाही!" मुलं टाळ्या वाजवत. तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांसमोर सांगितली तेव्हा त्यांनी डोळे पुसले. शहाद्यात, सारंगखेड्यात, लोक ती माझी गोष्ट मलाच सांगू लागले.

मग सत्तर साल जवळ आलं असताना एक दिवस शाळा सुटल्यावर मी एसटीच्या थांब्यावर आलो. थांबा त्या भिंतीखालीच. दगडावर रुमाल अंथरून कादरभाई बसले होते. भिंतीकडे पाठ. जवळच्याच गावात एका संघाच्या गड्यांची पोटं मापून आलेले, खिशातून दोरा लोंबत होता. हातांना कंप सुटला होता, पण फाया कानात होता. त्यांच्या डोक्यावर दोन हातांवर बापूंची मिशी ओघळत होती.

मी शेजारी बसलो. हमीदाभाबींची चौकशी केली. मग राहवेना. म्हणालो, "भाई, मी मुलांना दरवर्षी तुमची गोष्ट सांगतो. पण मला खरं सांगा. त्या दिवशी बापूंचं भय नाही वाटलं? भिंत डोळ्यांसमोर आली नाही? काय आलं मनात, की तुम्ही भोवरा पुसला नाहीत?"

कादरभाईंनी गाडी येते का ते पाहिलं.

"एक गंजीवर पुसी देखा व्हता," ते म्हणाले. "बरा नही दिसना."